कोरडी राहिलेली चटई

१

रविवारची प्रार्थना संपवून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरलो तेव्हा वाइसिना गावाची पाण्याची टाकी रिकामी झालेली होती, आणि ती कोणी रिकामी केली हे देवाला आणि आणखी एकाच माणसाला माहीत होतं.

मला आधी कळलं ते माझ्या पायांना. टाकीच्या उताराखाली आम्हा बायकांचं विणकामाचं घर आहे. त्याच्या पुढे माझं. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा झगा, पोटात भूक, आणि घरी गरम दगडांच्या चुलीत सकाळपासून तारोचे कंद भाजत पडलेले. अशी मी तरातरा निघाले ती घोट्यापर्यंत चिखलात. कोरडे महिने चाललेले, वरचा झरा बोटाएवढा झालेला, आणि इथे चिखल!

"पिसा, झगा वर धर," मागून तालिगी म्हणाली.

तालिगी म्हणजे माझी सखी. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो, एकाच वर्षी विधवा झालो. महिला समितीची प्रमुख मी, सभेत माझ्या शेजारच्या खांबाला टेकून बसणारी ती. गावात मला पिसा म्हणणारी ती एकटीच उरली आहे. बाकीचे पिसाइनाताई म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मला ऐकायचं नाही.

मी वर पाहिलं. टाकीच्या तळाला, गाळ काढायला, एक झडप आहे. ती अर्धीमुर्धी उघडी होती आणि शेवटचं पाणी तिच्यातून ठिबकत होतं. ती फिरवायचा लोखंडी दांडा बाजूला नीट टेकवून ठेवलेला. म्हणजे झडप आपोआप सैल झाली म्हणायलाही जागा नाही.

मग मला आठवलं. आमची बारीक चटई!

ती चटई तालिगी आणि मी मिळून विणतोय. केवड्यासारख्या पानांच्या, केसासारख्या पातळ पट्ट्यांची, लग्नात आणि मयतात देतात तसली. किती वर्षं चाललंय ते विचारू नका. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघींनी ती विणकामाच्या घरात जमिनीवर ठेवून वर फळी ठेवली होती, नेहमीसारखी. मी धावले. आत सगळी जमीन पाण्याखाली. इतर बायकांच्या साध्या चटया भिजून मेलेल्या जनावरांसारख्या पडलेल्या. फळी तरंगत होती. फळीखाली चटई नव्हती.

मी किंचाळले. मग मान वर गेली. चटई आढ्याच्या वाशावर होती, गुंडाळलेली, कोरडी ठणठणीत.

"देवा, तूच उचललीस रे!" मी ओरडले. सगळं गाव जमलं होतं, सगळ्यांसमोर मी देवाचे आभार मानले. तालिगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

तेवढ्यात शाळेचे मुख्याध्यापक फाइमालो घसा साफ करून पुढे आले. हा माणूस चर्चमध्ये गाणी म्हणवून घेतो, त्यामुळे साधं बोलला तरी शेवटची ओळ लांबवतो.

"पिसाइनाताई, विचारायला नको, पण विचारतो. या आठवड्यात टाकीवर लक्ष ठेवायची पाळी कोणाचीऽ होती?"

सगळ्यांना माहीत होतं. पाळी महिला समितीची होती.

२

आता हे फक्त पाण्याचं नव्हतं, ते सांगते.

आमच्या टाकीचं काम चार जण मिळून बघतात: तालुक्याची पाणी कचेरी, शाळा, दवाखाना आणि आम्ही महिला समिती. याला मेळ म्हणतात. नळ किती वेळ सोडायचा, पाइप कुठे न्यायचा, झऱ्याभोवती डुकरं आली तर दंड कोणाला, सगळं मेळात ठरतं. टाकी बांधली ती मात्र आम्ही. सिमेंटची पोती माझ्या आणि तालिगीच्या पाठीवरून वर गेली. तेव्हा पाणी कचेरीचा साहेब पाळण्यात असेल.

तर राजधानीतल्या सरकारला सुचलं की बेटावरचे असे सगळे मेळ तपासून त्यांचे प्रकार लावायचे. त्यासाठी आनिवा नावाची एक पोरगी फिरत होती. चष्मा मोठा, आवाज लहान. पहिल्या भेटीला आली तेव्हा मला म्हणाली, "आजी, सोपं आहे."

"आजी कोणाला म्हणतेस? तुझी आजी माझ्याहून म्हातारी असेल."

"मावशी, सोपं आहे. तीन प्रकार. पहिल्यात सगळी घरं मिळून चूल पेटवतात, कोणी दगड आणतं, कोणी पानं, कोणी मासे. दुसऱ्यात एक घर चूल पेटवतं आणि बाकीचे त्या घराचं ऐकतात. तिसऱ्यात कोणालाच जमत नाही, म्हणून स्वयंपाकी बाहेरून आणावा लागतो."

"आमचा पहिला," मी म्हटलं. मेळातल्या बाकी तिघांनी माना हलवल्या.

पहिला प्रकार ठरला तर काही बदलत नव्हतं. टाकी आहे तशी, आमच्या हातात. पण दुसरा किंवा तिसरा ठरला तर टाकीचा ताबा एकाच्या हाती जायचा, आणि तो एक म्हणजे पाणी कचेरी, हे शेंबडं पोरही सांगेल. कचेरीचा साहेब कोलोने नळांना कुलपं घालायच्या गोष्टी आधीच करत होता.

बुधवारी आनिवा निकाल द्यायला येणार होती. आणि रविवारी, आमच्या पाळीत, टाकी रिकामी. चार घरं मिळून साधी झडप सांभाळू शकत नाहीत, तर तो कसला पहिला प्रकार?

हे करणाऱ्याला पाणी नको होतं. त्याला बुधवार हवा होता.

"कोण असेल गं?" मी तालिगीला विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "तू शोधशीलच."

३

सोमवारी पहिल्या गाडीने कोलोने आला. खिसेवाली काळी लुंगी, कडक इस्त्री, पायांत बूट. चिखल बघून बूट काढावेत की नाही याचा विचार करत उभा राहिला.

"काढा," मी म्हटलं. "तुमच्या कचेरीतून नवे मिळतील की."

"मावशी, वाईट झालं हो."

"तुम्हाला वाईट वाटलेलं दिसत नाही."

तो हसला. "खरं सांगू? मला काय, टाकी कचेरीकडे आली तर बरंच आहे. पण मी नाही केलं. रविवारी तुमच्या गावात बाहेरच्याची गाडी तुम्ही येऊ देता का? मागे एकदा प्रार्थनेच्या वेळी आलो तर तुमच्या माणसांनी मला फाटकावर गाणी संपेपर्यंत बसवलं होतं."

"गावातल्या कोणाला सांगून करवलं असेल."

"कोणाला सांगू? तुमच्या गावात तुमच्याशिवाय कोणाचं कोणी ऐकतं का?" मग टाकीकडे बघत म्हणाला, "आणि एवढं पाणी गेलं म्हणता, गेलं कुठे? नाल्यातून थेट समुद्रात गेलं असणार."

मी त्याला विणकामाच्या घराकडे नेलं. नाला वर्षभर पाल्यापाचोळ्याने तुंबलेला आहे, झडपेतून आलेलं सगळं पाणी आमच्या घरात शिरतं. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्याच्या कागदावर नाला स्वच्छ होता.

फाइमालोंना मी शाळेच्या ओट्यावर गाठलं. त्यांचा राग मला ठाऊक होता. शाळेच्या मैदानाला पाणी मागत होते, मी दिलं नव्हतं. गवताला पाणी देऊन काय गवताची परीक्षा घ्यायची आहे का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"पहिल्या घंटेच्या आधीपासून मी चर्चमध्येऽ होतो," ते म्हणाले. "गाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं."

"झडप अर्धीच उघडली होती, मास्तर. घंटेच्या आधी उघडून चर्चमध्ये येऊन बसायचं, प्रवचन संपेपर्यंत टाकी आपसूक रिकामी. तुम्ही चर्चमध्ये होतात याने काही सिद्ध होत नाही. आम्ही सगळेच होतो."

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तुमचा माझ्यावरऽ संशय?"

"कालपर्यंत नव्हता. काल तुम्हीच पहिल्यांदा बोललात."

"कोणीतरी बोलायला नको का, ताई? बाकीचे तर तुमच्या तोंडाकडे बघत उभे होते."

दवाखान्यातली नर्स सेनेरिता मात्र माझ्यावरच उसळली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"मला विचारायला आलात? काल दुपारी लाउसीच्या सुनेला मुलगा झाला. पोर बाहेर आलं आणि नळाला पाणी नाही! पिंपात पाणी नाही! शेवटी शहाळी फोडून पोराला पुसलं. आयुष्यभर त्याला मुंग्या लागतील बिचाऱ्याला."

"तुला दवाखान्याला वेगळा पाइप हवा होता. मेळ मोडला तर मिळेल, असं तुला वाटत असेल."

"हवाच आहे. आणि वरच्या वाडीचा नळ सोडायलाही हवा आहे. पोरांच्या अंगावर फोड आलेत तिथे, ताई. मी तुम्हाला..."

"ते नंतर बोलू," मी म्हटलं.

 मी पिंपं पाहिली. तिन्ही कोरडी, तळाला पाल मेलेली. जिला पाणी जाणार हे माहीत आहे, ती बाळंतीण दारात असताना एक बादली तरी भरून ठेवील. सेनेरिताने भरली नव्हती. म्हणजे तिला माहीत नव्हतं.

तिघांकडे कारण होतं, आणि तिघांपैकी एकही माझ्या हाताला लागत नव्हता. घरी परतताना वाटेत तालिगी भेटली.

"सापडला का?" तिने विचारलं.

"नाही."

तिने श्वास सोडला. तो सुटकेचा होता की काळजीचा, तेव्हा मला कळलं नाही.

४

मंगळवारी सकाळी विणकामाचं घर जरा वाळलं. बायका भिजलेल्या चटया कुंपणांवर टाकत होत्या. मी वाशावरून आमची बारीक चटई खाली घेतली आणि मांडीवर उलगडली.

गुंडाळीच्या आत केळीचं पान होतं.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण विणणारीला विचारा. रोज विणायची चटई आपण नुसती गुंडाळतो आणि फळीखाली ठेवतो. आत ओलं पान घालतो ते फक्त, विणकाम बरेच दिवस बंद राहणार असेल तेव्हा. घरात मयत झालं, गावाला जायचं असलं, तेव्हा. नाहीतर कडेच्या न विणलेल्या पट्ट्या वाळून तुटतात. शनिवारी आम्ही पान घातलं नव्हतं. सोमवारी विणायला बसणारच होतो, कशाला घालू?

मी पान हातात घेऊन बसून राहिले.

पाणी आलेलं बघून कोणी धावत येऊन चटई उचलली असती, तर तिने ती जशी होती तशी वर फेकली असती. घोटाभर पाण्यात उभं राहून कोणी पान कापायला जात नाही. आणि पाणी आल्यावर तिथे पहिली पोचले ती मी. म्हणजे चटई पाणी येण्याआधी वर गेली. जिने ती वर ठेवली तिला माहीत होतं की पाणी येणार आहे. तिला हेही माहीत होतं की ते नाल्यात न जाता या घरात शिरणार आहे. आणि हे घर वाळेपर्यंत विणकाम बंद राहणार, म्हणून तिने पान घातलं.

कोलोनेला तुंबलेला नाला माहीत नव्हता. शिवाय पुरुष आमच्या विणकामाच्या घरात पाऊल टाकत नाहीत, फाइमालो तर अंगणातूनही वळून जातात. सेनेरिताला सुई टोचता येते, विणता येत नाही. तिच्या लेखी पान म्हणजे जेवायचं. इतर बायकांना विणता येतं, पण त्यांनी स्वतःच्या चटया का नाही उचलल्या? ज्या बाईला पूर येणार हे ठाऊक आहे ती दुसऱ्याची चटई वाचवून आपली बुडू देत नाही.

ही चटई जिची आपली आहे, अशा बायका गावात दोनच.

मी देवाचे आभार मानले होते. देव पान घालत नाही.

मी उठून तालिगीच्या घरी गेले. ती नव्हती. मी तिचं पाण्याचं पिंप पाहिलं, भांडी पाहिली, मागची बादली पाहिली. सगळं रिकामं. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, रविवारपासून तालिगी नारळाच्या पाण्यावर दिवस काढतेय. स्वतःसाठी तिने तांब्याभरसुद्धा साठवलं नव्हतं. फक्त चटई वाचवली होती.

 सगळं गाव माझ्याकडे बोट दाखवत होतं तेव्हा जी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, तिने केसाने माझा गळा कापला होता.

५

समुद्राकाठी आमचं गोड्या पाण्याचं कुंड आहे, भरतीला खारं होतं, ओहोटीला गोडं. दुपारी बायकांची वेळ. बाकीच्या निघून जाईस्तोवर मी थांबले. तालिगी पायरीवर बसून केस पिळत होती.

"पान ताजं होतं," मी म्हटलं.

तिने केस सोडले. खोटं बोलली नाही. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, मी तिला तिथेच धुऊन काढली असती.

"मला वाटलंच, तू चटई उलगडशील तेव्हा कळेल तुला," ती म्हणाली. "पण ती भिजलेली बघवली नसती."

"आणि मी सगळ्या गावासमोर भिजलेली बघवली?"

"हो."

एवढंच. हो. मी आजवर अनेकांच्या तोंडून अनेक शिव्या ऐकल्या, पण तो 'हो' काही गळी उतरेना.

"कोलोनेने काय देऊ केलं तुला?"

"त्याला काही माहीत नाही. त्या बावळटाला नालाही माहीत नाही."

"मग का?"

"लोसाचा नळ," ती म्हणाली.

लोसा तिची मुलगी, वरच्या वाडीत राहते. रविवारी कपडे धुताना सापडली. आमच्या गावात रविवारी कपडे धुवत नाहीत. मी माफी मागायला सांगितलं, ती नाही म्हणाली, मग मेळात ठरलं की माफी मागेपर्यंत वरच्या वाडीचा नळ बंद.

"नियम तिच्यासाठी मोडू?" मी म्हटलं. "उद्या सगळं गाव रविवारी कपडे धुवेल."

"तिचं पोर रात्रभर हागत होतं, पिसा. चादरी सोमवारपर्यंत ठेवायच्या होत्या का? आणि वाडीत तिच्या एकटीचं घर आहे का? तिच्यापायी पाच घरं खालून पाणी वाहून नेतात."

"मग मेळात बोलायचं होतंस. माझ्या शेजारीच बसली होतीस. मेळाने ठरवलं ते."

तालिगी हसली. इतक्या वर्षांत तिचं असं हसणं मी पाहिलं नव्हतं.

"मेळाने? तू म्हणालीस, 'नळ बंद'. मास्तरांनी मान हलवली. सेनेरिताने मान हलवली. कोलोनेनेसुद्धा हलवली, आणि तो कचेरीचा साहेब आहे! मीही हलवली. माझ्याच नातवाचं पाणी तोडायला मी मान हलवली, तू शेजारी होतीस म्हणून. आपल्यात चौघं मिळून चूल पेटवत नाहीत गं. चूल तुझी आहे. आम्ही पानं धरून उभे असतो."

"म्हणून टाकी कचेरीला देऊन टाकायची? ज्या टाकीसाठी तुझ्या पाठीची सालं निघाली ती?"

"कोलोनेशी भांडता येतं," ती म्हणाली. "त्याच्या कचेरीसमोर जाऊन बसता येतं. त्याला शिव्या देऊन घरी येऊन जेवता येतं. तुला 'नाही' म्हटलं तर मी कुठे जाऊ?"

मी तिला म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन.

"घे," ती म्हणाली, आणि केस बांधून निघून गेली.

मी पायरीवर बसून राहिले. नाव घेतलं तर समितीवरचा हलगर्जीपणाचा डाग जाणार होता. पण मेळातल्याच माणसाने टाकी रिकामी केली हे सिद्ध होणार होतं, आणि टाकी गेलीच म्हणायची. नाव नाही घेतलं तर डाग राहणार, आणि टाकी तरीही जाणार. तिने दोन्हीकडून वाट बंद केली होती. माझ्याकडून शिकली असेल.

६

बुधवारी गावच्या सभेच्या घरात आम्ही जमलो. भिंती नाहीत, नुसते खांब, प्रत्येकाचा आपला खांब. आनिवा मधल्या चटईवर. माझ्या शेजारचा खांब मोकळा होता. तालिगी आत आली नव्हती. ती बाहेर ब्रेडफ्रूटच्या झाडाच्या सावलीबाहेर, उन्हात बसली होती.

आमच्याकडे कोणी मोठा अपराध केला तर तो असाच दारासमोर येऊन बसतो, पण डोक्यावर चटई पांघरून, मान खाली घालून. ज्याचा अपराध केला तो बाहेर येऊन ती चटई काढतो, आणि माफी झाली. तालिगीच्या डोक्यावर काही नव्हतं. मान ताठ. ती माफी मागायला आली नव्हती, ऐकायला आली होती.

कोलोनेने सुरुवात केली. "झालं ते वाईट, पण महिला समितीच्या पाळीत..."

"थांबा," मी म्हटलं. "आधी कोणी केलं नाही ते सांगते."

मी सगळं मांडलं. कोलोनेला नाला माहीत नाही. फाइमालो विणकामाच्या घराकडे फिरकत नाहीत. सेनेरिताने बाळंतिणीसाठी बादली भरली नाही. ऐकता ऐकता एकेकाचे खांदे सैल झाले. मग मी चटई आणि पान सांगितलं. बायकांना पान शब्दावरच कळलं. कोणीतरी तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे उरलं कोण?" कोलोने म्हणाला. त्याला अजूनही कळलं नव्हतं.

मी बाहेर झाडाकडे पाहिलं, नाव काही घेतलं नाही. मी, जिची जीभ कधी कुठे अडली नाही.

"मी उरले," बाहेरून तालिगी म्हणाली. "झडप मी फिरवली."

कोलोने मांडी बदलून बसला. "बघा मॅडम! हा मेळ आतूनच पोखरलेला आहे. आता प्रकार ठरवायला काय उरलं?"

आनिवाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने चष्मा पुसला. "मला एक विचारायचं आहे. वरच्या वाडीचा नळ बंद करायचं ठरलं, तेव्हा तुमचं मत काय होतं? मास्तर?"

फाइमालोंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे, नियम तर आहेऽच..."

"सेनेरिता?"

सेनेरिताने माझ्याकडे पाहिलं. 

"कोलोनेसाहेब?"

त्यानेही पाहिलं. माझ्याकडे! इस्त्रीच्या लुंगीतला तालुक्याचा साहेब, आणि नजर शाळेतल्या पोराची.

आनिवाने मान डोलावली. "मावशी, तुम्ही म्हणाला होतात तुमचा पहिला प्रकार. तो नाही. हा दुसरा आहे. एका घराची चूल."

"म्हणजे पाणी कचेरी!" कोलोने म्हणाला.

"कचेरी कशी? बोलायच्या आधी तुम्हीसुद्धा कोणाकडे पाहिलंत? या मेळाचं डोकं महिला समिती आहे. कोणी नेमलेलं नाही, पण आहे. टाकी त्यांच्याकडेच राहील. आत्तापर्यंत रीतीने होती, आता सरकारी हुकमाने."

बायकांत आनंदाची एक लाट गेली. कोलोने बूट शोधायला लागला. टाकी वाचली. ज्यासाठी मी तीन रात्री झोपले नव्हते ते पदरात पडलं, आणि कोणाला नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मला मात्र ते तिघे दिसत होते. मास्तर, नर्स, साहेब. इतकी वर्षं माझ्या समोर बसून हो म्हणत आले, आणि पोटात 'नाही' घेऊन घरी गेले. एकानेही मला कधी सांगितलं नाही. मी समजत होते की माझ्या पाठीशी माणसं आहेत. तालिगीने निदान झडप फिरवली. यांनी नुसत्या माना फिरवल्या.

मला वाटलं, तालिगीने आता तरी डोकं झाकावं. तिने नुसतं फडकं जरी डोक्यावर घेतलं असतं तर मी उठून गेले असते, शपथेवर सांगते. ती तशीच बसून होती, उघड्या डोक्याने, उन्हात, माझ्याकडे बघत.

"ताई," फाइमालो अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पाव टाकी भरली आहे. वरच्या वाडीचं पाणी कधीऽ सोडायचं?"

"लोसाने माफी मागितली की," मी म्हटलं.

सगळ्या माना हलल्या.

"आज," बाहेरून तालिगी म्हणाली.

 झडपेचा दांडा टाकीशीच होता, चार ढांगांवर; वाडीचा नळही त्यानेच उघडतो. कोणीही उठून जाऊ शकत होतं. मास्तर जाऊ शकत होते. सेनेरिता, जिने फोड पाहिले होते, ती जाऊ शकत होती. मी काही कोणाचा हात धरणार नव्हते. मी वाट बघितली. खरंच बघितली.

कोणी उठलं नाही. सगळे माझं तोंड बघत बसले होते.